नळदुर्गचे टेलरसाहेब आणि ‘तारा’ची पहिली आवृत्ति

पावसाळा सरत आला म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यांत माणसांची रीघ लागते. बोरी नदीला आडवा घातलेला दगडी बांध, त्याच्या पोटांतला पाणीमहाल, आणि सांडव्यांवरून कोसळणारे नर व मादी हे दोन प्रपात पाहावयास दूरदूरचे लोक येतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत हें काम झालें. त्याला चारशें वर्षें उलटून गेलीं. मागें एकदां आम्ही त्या बांधावर उभे होतों, तेव्हां पाण्याच्या गर्जनेंत शेजारच्याचें बोलणेंही ऐकूं येत नव्हतें. त्या गर्जनेंत आमच्या मनांत एक निराळाच विचार आला. ज्या गोऱ्या अधिकाऱ्यानें एके काळीं नळदुर्गाहून ह्या मुलखाचा कारभार हांकला, त्यानेंच पुढें आमच्या तुळजापुरावर एक मोठी कादंबरी लिहिली. ती १८६३ सालीं तीन खंडांत छापून निघाली. आज त्या तीन खंडांचा मूळ संच हातीं यावा म्हणून विलायतेंतील संग्राहक वर्षानुवर्षें वाट पाहतात. आणि जिच्या मातींतून ती कथा उगवली, त्या आमच्या जिल्ह्यांत तिचें नांव जाणणारेही थोडेच आढळतात.

पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या आणि ग्रंथकारांच्या स्वाक्षरीच्या प्रती जमविणें हा पुष्कळांस रिकामटेकड्या धनिकांचा छंद वाटतो. जो मजकूर पहिल्या आवृत्तींत, तोच दहाव्या आवृत्तींत. आणि आतां तर जुने ग्रंथ यंत्राच्या पडद्यावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मग जुनाट, किडक्या, महाग प्रतीमागें कां लागावें? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारला आहे, आणि तो वाजवी आहे. त्याचें उत्तर ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर शोधून सांपडणार नाहीं; ग्रंथकाराच्या आयुष्यांत तें सांपडेल, अशी आमची समजूत आहे. म्हणून तें आयुष्यच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारांत खोट आली आणि घरची स्थिति पालटली. मुलाचें शिक्षण अर्धवट राहून त्याला लहान वयांतच एका व्यापारी कचेरींत बसावें लागलें. पंधराव्या वर्षीं त्याची रवानगी हिंदुस्थानांत झाली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करावी आणि वयांत आल्यावर भागीदारी मिळावी, असा बेत होता. १८२४ सालीं मुलगा मुंबईस उतरून पाहतो तों पेढीचीच स्थिति डळमळीत झालेली. आईबाप सातासमुद्रांपलीकडे, हातीं विद्या नाहीं, गांठीं पैसा नाहीं. सुदैवानें मुंबई सरकारांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका आप्तानें खटपट करून त्याला निजामाच्या फौजेंत जागा मिळवून दिली. तेव्हां त्याला सोळा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं.

ही जागा कंपनीच्या फौजेंतली नव्हती, निजामाच्या चाकरींतली होती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कंपनीच्या नेमणुकीच्या अधिकाऱ्यांना ज्या वाटा आपोआप मोकळ्या होत, त्या ह्या तरुणाला मोकळ्या नव्हत्या. बढतीच्या वेळीं हें न्यून त्यांना जन्मभर जाणवत राहिलें. परंतु ज्याला ओळखीचा आधार नसतो, त्याला काम शिकून घ्यावें लागतें. टेलरसाहेबांनीं हिंदुस्थानी भाषा पक्की केली, जमीन मोजण्याची आणि इमारती बांधण्याची विद्या आपल्याआपण अभ्यासिली. विशी उलटण्यापूर्वींच निजामाच्या राज्यांतील नैर्ऋत्येकडच्या जिल्ह्यांत पोलिसांचा अधिकार त्यांच्याकडे आला. तंबूंत राहावें, गांवोगांव हिंडावें, पाटील, वाणी, फकीर, वाटसरू यांच्याशीं त्यांच्याच बोलींत बोलावें, आणि ऐकलेलें विसरूं नये, हा त्यांचा क्रम असे. पुढें जो ग्रंथकार झाला, त्याची शाळा ही अशी रस्त्यावर भरली होती.

त्या दिवसांत वाटसरू रस्त्यांतून नाहींसे होत. ते कोठें गेले हें कोणास कळत नसे, कारण सांगावयास कोणी मागें उरतच नसे. टेलरसाहेबांना ह्या गूढाचा वास लागला होता. परंतु त्याचा माग पुरा लागण्यापूर्वींच त्यांना पलटणींत परत जावें लागलें. थोड्याच काळानें स्लीमनसाहेबांनीं ठगांच्या टोळ्यांचें जाळें उघडकीस आणलें, आणि त्याचें श्रेय योग्यपणें त्यांनाच मिळालें. आपण दाराशीं जाऊन परतलों, ही हळहळ टेलरसाहेबांच्या मनांत राहिली. पुढें मात्र ठगांच्या जबान्या घेण्याचें काम त्यांच्याकडेही आलें. समोर बसलेला मनुष्य शांतपणें आपल्या खुनांची हकीकत सांगतो आहे आणि त्याला तिळमात्र पश्चात्ताप नाहीं, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आणि कानांनीं ऐकलें.

१८३२ सालीं हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. पामर यांची आई हिंदी मुसलमान कुळांतली होती. त्यामुळें टेलरसाहेबांचा संसार दोन जगांच्या सीमेवर उभा राहिला. पुढें ते रजेवर मायदेशीं गेले. तेथें १८३९ सालीं ‘एका ठगाची जबानी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी नांवाची त्यांची पहिली कादंबरी लंडनच्या रिचर्ड बेंटली यांनीं तीन खंडांत प्रसिद्ध केली. अमीर अली नांवाचा ठग आपली कहाणी आपणच सांगतो, अशी तिची रचना आहे. ग्रंथ इतका गाजला, कीं छापखान्यांतून तपासून निघालेलीं पानें राणी व्हिक्टोरिया यांनीं मागवून घेतल्याचें प्रकाशकांकडून कळलें, असें टेलरसाहेबांनीं लिहून ठेवलें आहे. ग्रंथकाराचें वय तेव्हां तीस-एकतीस वर्षांचें होतें. दुसऱ्याच वर्षीं टिपू सुलतानावरची त्यांची कादंबरीही तीन खंडांत निघाली.

येथें ह्या तीन खंडांविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. त्या काळीं इंग्लंडांत नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साधारणतः साडेएकतीस शिलिंग असे. एवढी रक्कम सामान्य गृहस्थाला परवडण्याजोगी नव्हती. म्हणून लोक पुस्तकें विकत न घेतां वर्गणीच्या ग्रंथालयांतून आणून वाचीत. १८४२ सालीं मूडी नांवाच्या गृहस्थानें लंडनांत असें एक ग्रंथालय काढलें. वर्षाला एक गिनी भरावी आणि एका वेळीं एक खंड घरीं न्यावा, असा त्याचा नियम होता. कादंबरीचे तीन तुकडे असले, म्हणजे एकच पुस्तक तीन वर्गणीदारांच्या घरीं फिरतें ठेवतां येई. प्रकाशकाची निम्मीशिम्मी आवृत्ति अशा ग्रंथालयांतच खपे. पुठ्ठ्यावर ग्रंथालयाची चिठ्ठी डकविलेली, पानांच्या कडा मळलेल्या, शिवण सुटलेली, अशा स्थितींत तीं पुस्तकें कांहीं काळानें स्वस्तांत विकलीं जात किंवा रद्दींत जात. १८९४ सालीं मोठ्या ग्रंथालयांनींच ह्या पद्धतीकडे पाठ फिरविली आणि थोड्याच वर्षांत तीन खंडांची कादंबरी नामशेष झाली. हीं पुस्तकें दुर्मिळ कां, ह्याचें उत्तर ह्यांत आहे. तीं कमी छापलीं गेलीं हें एक कारण. तीं पुष्कळ वाचलीं गेलीं हें दुसरें आणि मोठें कारण.

१८४० सालीं टेलरसाहेब हिंदुस्थानांत परतले. कांहीं वर्षें त्यांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे बातमीदार म्हणूनही काम केलें. १८४१ सालीं त्यांची नेमणूक शोरापूरच्या संस्थानांत झाली. आज हें गांव सुरपूर नांवानें कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यांत मोडतें. बेडर नायकांचें तें राज्य. राजा व्यंकटप्पा नायक वयानें लहान, त्याची आई ईश्वरम्मा हट्टी आणि कारस्थानी, खजिना रिकामा, हत्यारबंद लोक पगारासाठीं दारांत बसलेले. टेलरसाहेबांनीं बारा वर्षें तें संस्थान सांभाळलें. हिशोब ताळ्यावर आणले, तळीं बांधविलीं, रस्ते केले. बालराजा त्यांना अप्पा म्हणे. ह्याच काळांत १८४४ सालीं त्यांची पत्नी निवर्तली. मुली दूर मायदेशीं. डोंगरावरच्या बंगल्यांत हा मनुष्य एकटाच राहिला. दिवसा कारभार, रात्रीं वाचन, चित्रकला आणि त्या भागांतील प्राचीन दगडी थडग्यांचें संशोधन, यांत त्यांनीं आपलें दुःख गुंतविलें.

१८५३ सालीं निजामानें तहान्वयें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमच्या बाजूचा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला. राजा वयांत आल्यामुळें शोरापूरचें काम त्याच सुमारास संपलें होतें. नव्या मुलखांतील नळदुर्ग जिल्हा टेलरसाहेबांकडे आला. धाराशिव, तुळजापूर हीं आमचीं गांवें ह्याच जिल्ह्यांत होतीं. जिल्ह्याचें नांव पुढें उस्मानाबाद झालें आणि २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव पुन्हां अधिकृत झालें. परंतु त्या काळीं तो नळदुर्गच्याच नांवानें ओळखला जाई. साऱ्याच गोष्टी प्रारंभापासून करावयाच्या होत्या: जमिनीची मोजणी, साऱ्याची बांधणी, न्यायकचेऱ्या, पोलीस, रस्ते. चार वर्षें हा अधिकारी त्या कामांत बुडाला होता. ह्या काळांत त्यांची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १८४० च्या कादंबरीनंतर तेवीस वर्षें ह्या लेखकाचें नांव नव्या कादंबरीवर दिसलें नाहीं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलें असेल, कीं हा लेखणी विसरला. वस्तुतः तो साठा करीत होता. बालाघाटाच्या कडेवरचें तुळजापूर, उतरंडीवरचें भवानीचें देऊळ, यात्रेकरूंची गर्दी, पुजाऱ्यांचीं घराणीं आणि देवीला वाहिलेल्या मुरळ्या, हें सारें त्यांच्या अंमलांतलें जग होतें.

१८५७ च्या धामधुमींत त्यांना नळदुर्गाहून वऱ्हाडांत बुलढाण्याकडे धाडण्यांत आलें. मदतीला फौज देतां येणार नाहीं, जमेल तसा तग धरावा, अशा आशयाची तार हैदराबादेहून त्यांना आली होती. उत्तर वऱ्हाड त्या वर्षांत शांत राहिला. त्याचें कारण तोफा नव्हत्या. लोकांशीं बोलूं शकणारा अधिकारी तेथें होता, हें एक कारण खचित होतें.

परंतु ह्याच वेळीं त्यांच्या जिव्हारीं लागणारी गोष्ट शोरापुरांत घडली. ज्याला अंगाखांद्यावर वाढविलें, तो व्यंकटप्पा नायक १८५८ च्या प्रारंभीं इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. टेलरसाहेब त्याला कैदेंत जाऊन भेटले. त्याला चिथावणाऱ्यांचीं नांवें विचारलीं असतां तरुण राजानें कोणाचेंही नांव घेतलें नाहीं. फांशीची शिक्षा कमी होत होत थोड्या वर्षांच्या कैदेवर आली. टेलरसाहेबांच्या मनावरचें ओझें उतरलें, कारण चोविसाव्या वर्षीं ह्या मुलाला मृत्युयोग आहे, असें जातकांतलें भाकीत त्यांना फार पूर्वीं विश्वासानें सांगण्यांत आलें होतें. तें आतां खोटें ठरलें, असें वाटत असतांनाच बातमी आली, कीं कैदेच्या ठिकाणीं नेत असतां वाटेंतच पिस्तुलाची गोळी लागून राजा मरण पावला. तो अपघात कीं आत्मघात, हें ठरलें नाहीं. एका बाजूस त्यांचें सरकार होतें आणि दुसऱ्या बाजूस अप्पा म्हणणारा मुलगा. टेलरसाहेबांनीं सरकारची चाकरी सोडली नाहीं. मुलाला ते विसरलेही नाहींत. आत्मवृत्तांत ही हकीकत ज्या बारकाईनें आली आहे, तीवरून त्या जखमेची खोली कळते. परक्या सत्तेचा सज्जन नोकर कोणत्या कात्रींत सांपडतो, तें येथें उघड दिसतें, आणि त्यांच्या सज्जनपणामुळें ती सत्ता न्याय्य ठरत नाहीं, हेंही आम्ही येथें नमूद करतों.

राजाच्या पश्चात् टेलरसाहेबांना पुन्हां शोरापुरासच नेमलें गेलें. १८६० सालीं, छत्तीस वर्षांच्या चाकरीनंतर, मोडलेली प्रकृति घेऊन ते मायदेशीं परतले. त्याच वर्षीं आमचा मुलूख तहानें पुन्हां निजामाकडे गेला. आयर्लंडांत डब्लिनजवळ त्यांनीं बिऱ्हाड केलें आणि तेथें इतक्या वर्षांचा साठा बाहेर पडूं लागला. १८६३ सालीं ब्लॅकवुड कंपनीनें ‘तारा’ तीन खंडांत प्रसिद्ध केली.

तारा ही तुळजापूरच्या व्यास शास्त्र्यांची मुलगी. बालपणींच विधवा झालेली, विद्या शिकलेली, देवीची मुरळी म्हणून वाहिली गेलेली. मोरो त्रिमल नांवाचा कपटी पुरुष तिच्या पाठीस लागतो. अफजलखानाच्या स्वारींत तुळजापूरचें देऊळ भ्रष्ट होतें, तिचें घर उध्वस्त होतें, आणि शेवटीं सती जाण्याच्या प्रसंगांतून खानाचा मुलगा फाजल तिला सोडवितो. पुढें १८६५ सालीं ‘राल्फ डार्नेल’ आणि १८७२ सालीं ‘सीता’ निघाल्या. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानें हिंदुस्थानच्या इतिहासांतील तीन वळणें दाखवावीं, अशी ह्या तीन कादंबऱ्यांची योजना होती. योजनेच्या मोहानें त्यांनीं ‘तारे’चा काळ १६५७ धरला, अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा आहे, हें आमच्या शाळेंतील मुलेंही सांगतील. शिवाजी महाराजांविषयींची त्यांची दृष्टि मराठी वाचकास पटणारी नाहीं. खानाच्या छावणीकडून त्यांनीं तो प्रसंग पाहिला आहे. तरी तुळजापूरच्या एका ब्राह्मण विधवेला तीन खंडांच्या कथेची नायिका करणें, तिला बुद्धि, धैर्य आणि स्वतःचें मन देणें, हें १८६३ सालीं लहान काम नव्हतें. आमच्या भाषेंतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती गुंजीकरांची ‘मोचनगड’ पुस्तकरूपानें १८७१ सालीं आली. म्हणजे शिवकालावर मराठींत कादंबरी निघण्यापूर्वींच आमच्या तुळजापूरच्या गल्ल्या इंग्रजी वाचकांच्या घरीं जाऊन पोंचल्या होत्या.

१८७५ च्या सुमारास टेलरसाहेबांची दृष्टि अधू झाली. हिंवाळा उष्ण देशांत काढावा, ह्या सल्ल्यावरून त्यांनीं पुन्हां हिंदुस्थानची वाट धरली. येथें त्यांना रानतापानें गांठलें. परत जातांना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंटन येथें १३ मे १८७६ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें आत्मवृत्त मुलीनें सिद्ध करून १८७७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याला हेन्री रीव्ह ह्या त्यांच्या नातलग संपादकानें प्रस्तावना लिहिली. चांदबिबीवरची ‘एक थोर राणी’ ह्या अर्थाच्या नांवाची कादंबरी १८७८ सालीं ग्रंथरूपानें आली.

आतां संग्राहकाकडे वळूं. ग्रंथाचा पहिला अवतार ओळखावयाचा म्हणजे शीर्षकपृष्ठावरचें साल, प्रकाशकाचें नांव, खंडांची संख्या, शेवटच्या जाहिरातींचीं पानें आणि मूळची कापडी बांधणी, हें सारें पडताळावें लागतें. ‘तारे’चे एका खंडाचे स्वस्त अवतार पुढें निघाले; ते वाचावयास चांगले, परंतु ते पहिले नव्हत. इंग्लंडांतील मायकेल सॅडलियर ह्या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकांतील अशा कादंबऱ्या स्वच्छ, मूळ बांधणीच्या स्थितींत जमविण्यासाठीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घालविलीं आणि १८०१ पासूनच्या त्या संग्रहाची सूचि १९५१ सालीं दोन खंडांत छापली. तो संग्रह आतां अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ग्रंथालयांत आहे. कोणती आवृत्ति केव्हां, कशा रूपांत निघाली, हें अशा छांदिष्टांमुळेंच अभ्यासकांस कळतें.

स्वाक्षरीच्या प्रतीसाठीं तर ग्रंथकाराचें चरित्र ठाऊक असणें हाच पहिला नियम आहे. समजा, ‘एक थोर राणी’ची टेलरसाहेबांच्या स्वाक्षरीची प्रत आहे, असें सांगून कोणी ती विकावयास आणली. चरित्र जाणणारा तात्काळ सांगेल, कीं पुस्तक १८७८ चें आणि लेखक १८७६ सालींच वारला. ती सही कोणाचीही असो, लेखकाची नव्हे. आत्मवृत्ताचेंही तसेंच. उलट १८६३ ची ‘तारा’ लेखकाच्या हयातींतली आहे. त्यांनीं ती एखाद्या जुन्या मित्राला आपल्या हातानें लिहून दिली असेल, तर त्या पानावर नळदुर्गचा कारभार, शोरापूरचा राजा आणि तुळजापूरचें देऊळ पाहिलेला हात एकदां टेकला होता. तेवढ्यासाठीं मनुष्य पैसे मोजतो, आणि तें वेड नव्हे.

पहिली आवृत्ति हरवली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्याच भाषेंत आहे. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत रोमन अक्षरांत छापलें गेलें. पुढें १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध असल्याचें आज ज्ञात नाहीं. मराठींतील एवढा मोठा ग्रंथ अभ्यासकांना हस्तलिखितांवरून जुळवावा लागला आणि १९०७ सालीं मंगळूरास तो पुन्हां छापला गेला. मुद्रित प्रत कोणी एकानें पेटींत जपली असती, तर पिढ्यांचे श्रम वांचले असते. कवीनें मूळ कोणता शब्द घातला, हा वाद कित्येक ठिकाणीं मिटला असता. मजकूर टिकला तरी त्याचा पुरावा गेला, आणि पुराव्यावांचून मजकुरावर विसंबतां येत नाहीं. पडद्यावरचें पानही कोणी तरी मूळ प्रत सांभाळली म्हणूनच तेथें दिसतें.

म्हणून आमचें विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे, कीं दूरच्या महाग ग्रंथांचा हव्यास धरण्याआधीं घरच्या पेट्या उघडून पाहा. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें, म्हणजे टेलरसाहेबांनीं नळदुर्ग सोडलें त्याच वर्षीं. आजोबांच्या फडताळांत तितकें जुनें कांहीं निघणार नाहीं कदाचित्; पण पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या मराठी कवितासंग्रहाची पहिली आवृत्ति निघेल, कथालेखकानें स्वहस्तें लिहून दिलेली प्रत निघेल. तिला नवा पुठ्ठा चढवूं नका. जुना पुठ्ठा हाच तिचा दाखला. फाटलें पान चिकटपट्टीनें जोडूं नका. पट्टीचा डिंक कागद खातो. वाळवी आणि ओल यांपासून ती दूर ठेवा, आणि ती कोणाकडून, कधीं आली, तें एका वेगळ्या कागदावर लिहून आंत ठेवा. जे लेखक आज आपल्या भागांत हिंडतात, व्याख्यानें देतात, त्यांच्यापुढें त्यांचें पुस्तक धरावयास लाजूं नका. ती संधि फार दिवस राहत नाहीं.

आमच्याकडे ‘तारे’चे ते तीन खंड नाहींत. ते कधीं काळीं आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या ग्रंथालयांत यावे, ही इच्छा मात्र आम्ही बाळगून आहों. आमच्या विद्यार्थ्यांपैकींच कोणी पुढें तो संच पाहिला, तर त्यानें पुठ्ठ्यावर ग्रंथालयाची चिठ्ठी आहे का, तें प्रथम पाहावें. असेल तर किंमत कांहींशी उतरेल खरी. परंतु कोण्या एका परक्या वर्गणीदारानें एके काळीं ती कथा घरीं नेली आणि तुळजापूर हें गांव आयुष्यांत प्रथमच ऐकलें, एवढें त्या चिठ्ठीवरून त्याला कळेल.